घुबडाच्या मास्कवरची भेग

गेल्या जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी, कुवेतमधल्या एका बर्फाच्या रिंकवर आइस हॉकीचा सराव चालू असताना एक पक माझ्या मुलीच्या कपाळावर आदळला. पक म्हणजे टणक रबराची जाड चकती. मुलगी सतरा वर्षांची आहे आणि गोलकीपर म्हणून खेळते. त्या वेळी तिच्या तोंडावर मास्क होता. तो तिचा नव्हता, माझ्या संग्रहातला होता.

मी तिथे नव्हतो. तिच्याबरोबर खेळणाऱ्या एका मुलीची आई दोघींना गाडीने नेते आणि आणते. त्या दिवशीही त्यांनीच आणलं. मुलगी दहाच्या सुमारास खैतानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये आली, किट दारात टाकलं, पाणी प्यायली.

"लवकर आलीस?" मी विचारलं.

"कोचने बसवलं. एक शॉट लागला."

"कुठे?"

"मास्कवर, बाबा. मास्क त्यासाठीच असतो. आय एम फाइन." मग म्हणाली, "मी झोपते थोडं."

ती खोलीत गेली. मी वर्तमानपत्र वाचत बसलो. घरात आम्ही दोघंच होतो. माझी पत्नी सरकारी रुग्णालयात नर्स आहे. त्या शुक्रवारी तिची सकाळची ड्यूटी होती. ड्यूटीवर तिचा मोबाइल लॉकरमध्ये असतो.

मी पूर्वी मुंबईत एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात उपसंपादक होतो. परदेशी वृत्तसंस्थांकडून रोज शेकडो फोटो यायचे. त्यात आइस हॉकीचेही असायचे आणि ते कधीच छापले जात नसत, कारण वाचकांना त्या खेळाशी देणंघेणं नव्हतं. मी ते बघत असे. गोलकीपरांच्या मास्कवर रंगवलेली चित्रं असत: दात विचकलेली श्वापदं, गावचे पूल, कुणाच्या तरी वडिलांचा ट्रक. फोटोखालच्या ओळीत फक्त धावसंख्येसारखे आकडे. कुवेतला आल्यावर, इथल्या एका कंपनीची पत्रकं लिहायची नोकरी धरल्यावर, मी असे मास्क जमवायला लागलो. नवे नाहीत. प्रत्यक्ष सामन्यात वापरलेले.

अशा मास्कच्या संग्राहकांमध्ये एक नियम कसोशीने पाळला जातो. वापरलेल्या मास्कमध्ये काहीही बदलायचं नाही. पुसायचा नाही, रंगाचा टवका उडाला असेल तर तो भरायचा नाही, पट्टे बदलायचे नाहीत, आतला फोम काढायचा नाही. पकाने उमटवलेले काळे ओरखडे आणि घामाने पिवळी पडलेली हनुवटीची वाटी यांनाच मोल असतं. फोम वाळून पापडासारखा झाला तरी तोच ठेवायचा. असा मास्क मार झेलू शकत नाही. शेल्फवर ठेवलेल्या वस्तूने मार झेलावा अशी कुणाची अपेक्षाही नसते.

पत्नीचं मत वेगळं होतं. "दुसऱ्याचा घाम विकत घेऊन येता," ती म्हणायची, "आणि मी घासलेल्या कढईला वास येतो म्हणता."

आमच्या हॉलमध्ये असे पाच मास्क आहेत. त्यातला पहिला मी एगैला या उपनगरात घेतला होता. एक कॅनेडियन इंजिनियर देश सोडून चालला होता आणि घरातलं सामान अंगणात मांडून विकत होता. इस्त्रीचं टेबल, पंखा, मुलांच्या सायकली आणि त्यांच्यामध्ये एक मास्क. पुतण्याने तो गावच्या संघाकडून खेळताना वापरला होता, असं त्याने सांगितलं. मास्कवर घुबड रंगवलेलं होतं. कपाळावर दोन मोठे पिवळे डोळे, गालांवर पिसं, आणि तोंडापुढे स्टीलची जाळी.

"घरात घुबड?" पत्नी दारातच म्हणाली होती. "अहो, जगात दुसरा पक्षी नव्हता?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार असल्या की ती ते घुबड भिंतीकडे तोंड करून ठेवायची. मुलगी लहान होती तेव्हा ते सुलटं करून डोक्यात घालायची आणि हॉलच्या दारात उभी राहायची. मी मोज्यांचे गोळे करून फेकायचो. ती ते अडवायची. गोलकीपर होण्याची सुरुवात तिथली.

त्या शुक्रवारी साडेअकराच्या सुमारास मी चहाचा कप ठेवायला उठलो आणि घुबड किंचित उजवीकडे वळलेलं दिसलं. दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या वर, एक काळा डाग होता. बोट लावलं तर रबराची काजळी बोटाला लागली. जुने डाग बोटाला लागत नाहीत.

मी दारातलं किट उघडलं. तिचा स्वतःचा मास्क आतच होता. जाळीचा एक स्क्रू पडलेला होता आणि जाळी एका बाजूने लोंबत होती. आता प्रकार कळला. सकाळी निघताना तिला ते दिसलं असणार आणि मापाला बसणारा दुसरा मास्क तिने शेल्फवरून उचलला असणार. घरी आल्यावर तो जागेवर ठेवूनही दिला होता.

काळ्या डागाच्या खाली एक रेघ होती. नख फिरवलं तर ते अडकत होतं. रेघ डाव्या डोळ्यापासून निघून डागाखालून वर कपाळाकडे गेली होती.

वापरलेल्या मास्कवर रेघा असतातच. रंगाचा थर तडकतो, त्याला काही अर्थ नसतो. फायबरचं कवच तडकलं असेल तर मात्र असतो. रेघ जुनी आणि नुसती रंगातली असेल, तर फटका मुलगी म्हणते तसा साधा होता. रेघ आजची आणि कवचातून आरपार गेलेली असेल, तर तो फटका साधा नव्हता, आणि त्यामागे वाळलेला फोम होता, आणि फोमच्या मागे तिचं कपाळ.

मी तिच्या खोलीच्या दाराशी गेलो. श्वास ऐकू येत होता. संथ होता. तो संथ असणं चांगलं की वाईट हे मला माहीत नव्हतं.

कोणताही मास्क घरात आला की मी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवतो. संग्राहकांची ही रीतच आहे. पुढे विकताना आधीच्या खुणा कोणत्या हे दाखवावं लागतं. मी लॅपटॉपवर घुबडाचे फोटो उघडले. समोरून काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या मधोमध फ्लॅशचा पांढरा झोत पडलेला होता. नेमकी तीच जागा पुसली गेली होती. डावीकडून काढलेल्या फोटोत रेघेसारखं काही दिसत होतं. मोठं केल्यावरही ती रंगवलेल्या पिसाची कड होती, की रेघच, हे ठरेना. दैनिकाच्या डेस्कवर असतो तर हा फोटो पुरावा म्हणून घेतला नसता. उजवीकडच्या फोटोत तो भाग येतच नव्हता.

मी पुन्हा दाराशी गेलो. श्वास चालू होता. हाक मारली. उत्तर आलं नाही. ती गाढ झोपते, नेहमीच. मी हे स्वतःला दोनदा सांगितलं आणि परत हॉलमध्ये आलो.

आता बघायची एकच जागा उरली होती, ती आतून. मी स्वयंपाकघरातून सुरी आणली, मास्क उलटा केला आणि कपाळाकडचा फोम खरवडून काढला. तो तुकड्यातुकड्यांनी निघाला. पिवळी भुकटी टेबलावर पडली. खाली कवचाची आतली बाजू उघडी झाली. टॉर्च तिरपी धरली.

रेघ आतही होती. फायबरच्या जुन्या भेगेत घाम आणि मळ मुरतो, ती करड्या रंगाची होते. ही पांढरीशुभ्र होती. कडेला बारीक कुसळं उभी राहिलेली होती.

मी वॉर्डच्या लँडलाइनवर फोन लावला. एका मल्याळी सिस्टरने उचलला. मी हिंदीत म्हणालो, फार तातडीचं आहे. पत्नी फोनवर आली.

"काय झालं?"

"सरावात पक कपाळावर लागला. जुना मास्क होता, तो फुटलाय. ती झोपलीय."

"कधीपासून?"

"दहापासून."

"उठवा. फोन चालू ठेवून उठवा."

मी दिवा लावला आणि तिला खांद्याला धरून हलवलं. पहिल्यांदा ती हलली नाही. दुसऱ्यांदा डोळे उघडले आणि लगेच हाताने झाकले.

"बाबा, टर्न ऑफ द लाइट."

"वार विचारा," फोनमधून आवाज आला.

"आज वार कोणता?"

"फ्रायडे. आय एम नॉट अ बेबी."

"सकाळी काय खाल्लं ते विचारा."

"सकाळी काय खाल्लंस?"

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "पोहे," म्हणाली.

"पोहे म्हणतेय," मी फोनमध्ये सांगितलं.

"पोहे काल होते," पत्नी म्हणाली. "आज मी ड्यूटीला निघताना तिच्या हातात अंडा-ब्रेड दिला. समोर खाल्ला तिने." मग काही क्षण फोनवर वॉर्डमधल्या ट्रॉलीचा आवाज तेवढा आला. "टॉर्च आहे जवळ? डोळ्यांवर मारा. एकेका. बाहुल्या सारख्या आहेत का?"

"सारख्या वाटतात."

"वाटतात नको. आहेत की नाहीत?"

मी पुन्हा बघितलं. "आहेत."

"इकडे घेऊन या. आमच्याच कॅज्युअल्टीत. तिचा बताका घ्या. आणि तो मास्कही आणा."

बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. ते तिच्या पाकिटात होतं. ती पलंगावरून उठली, दोन पावलं चालली आणि गालिच्यावर ओकली. "सॉरी, बाबा," म्हणाली. ते मराठीत की इंग्रजीत, हे सॉरीवरून कळत नाही, पण पुढचं वाक्य मराठीत होतं. "डोकं खूप दुखतंय." गेली काही वर्षं ती घरात कुरकुर इंग्रजीतच करते.

लिफ्टने खाली आलो तेव्हा जुम्म्याची नमाज उभी राहिली होती. आमच्या इमारतीशेजारी मशीद आहे. शुक्रवारी दुपारी जागा मिळेल तिथे गाड्या लावल्या जातात, एकीच्या मागे दुसरी, आणि नमाज सुटली की पंधरा-वीस मिनिटांत सगळं मोकळं होतं. इथे कुणी त्याबद्दल तक्रार करत नाही. मीही कधी केली नव्हती. माझी गाडी भिंतीशी होती. तिच्या मागे एक पांढरी व्हॅन आडवी लावलेली होती. गल्लीच्या तोंडापर्यंत गाड्याच गाड्या होत्या. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली असती तर ती रस्त्यावरच अडकली असती.

व्हॅन ओळखीची होती. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक गृहस्थ राहतात. हवल्लीला त्यांचं पार्सल-कार्गोचं दुकान आहे. माझे बाहेरून येणारे मास्क तेच सोडवून आणतात. सगळे त्यांना भाई म्हणतात. मी त्यांना फोन लावला. तो व्हॅनमध्येच, डॅशबोर्डवर वाजत राहिला.

मुलीला माझ्या गाडीत मागे बसवलं. काच उघडी ठेवली. "डोळे मिटू नकोस," म्हणालो. ती "हं" म्हणाली.

मशीद भरून लोक बाहेर फुटपाथवर चटया टाकून उभे होते. भाई शेवटच्या रांगेत, डाव्या टोकाला होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर जाऊन उभा राहिलो. त्या वेळी बोलता येत नाही. रांग वाकली, उभी राहिली, जमिनीला टेकली. लाउडस्पीकरवरून इमामांचा आवाज येत होता. उभ्या जागेवरून मला माझ्या गाडीची मागची खिडकी दिसत होती. खिडकीत तिचं डोकं होतं. मग ते दिसेनासं झालं. मी गाडीकडे धावलो. ती सीटवर आडवी झाली होती. हाक मारल्यावर डोळे उघडले. तिला बसतं केलं, गाडीत पडलेलं तिचं दप्तर पाठीशी लावलं आणि परत आलो. रांग अजून बसलेली होती.

शेवटी, नमाज संपवताना करतात तसं, भाईंनी तोंड उजवीकडे वळवलं, मग डावीकडे. डावीकडे मी उभा होतो.

"काय भाऊ," ते उठता उठता म्हणाले, "आज बातमी इथं शोधताय काय?" मग त्यांनी माझ्या हातातला फुटका मास्क बघितला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "पोरगी?"

"डोक्याला लागलंय. गाडी अडकलीय माझी."

"माझीच असणार मागं. चला." ते अनवाणीच पळाले. मी चपलांचं म्हणालो. "राहू दे हो चपला," ते न थांबता ओरडले. व्हॅनच्या पुढे उभ्या असलेल्या जीपचा मालक रांगेतून अजून उठत होता. भाईंनी त्याला अरबीत दोन वाक्यं सांगितली. तोही पळाला. त्याने जीप काढली, मग पुढच्याला ओरडून सांगितलं, आणि गल्लीतले लोक एकेक करून आपापल्या गाड्यांकडे धावले. आम्ही मुलीला व्हॅनमध्ये घेतलं. मागे कुणाची तरी खोकी होती, ती वळणांवर सरकत होती.

रिंग रोड शुक्रवारमुळे मोकळा होता. भाई आरशातून मागे बघत तिच्याशी बोलत राहिले. "बाय, झोपायचं नाय हां. मला सांग, गोल किती खाल्ले आज?"

"एकही नाही," ती म्हणाली.

"मग डोक्यानं अडवला म्हण की."

"अंकल, दॅट इज अ सेव्ह." तिचे शब्द जड येत होते. मी ते ऐकत होतो आणि प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा जड आहे का, हे ठरवायचा प्रयत्न करत होतो.

पत्नी कॅज्युअल्टीच्या दारात युनिफॉर्ममध्येच उभी होती. तिने मुलीच्या दोन्ही डोळ्यांत टॉर्च मारली, दोन्ही हात घट्ट दाबायला लावले आणि मगच व्हीलचेअरवर बसवलं.

डॉक्टर इजिप्शियन होते. त्यांनी मुलीला विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, आय एम फाइन. शुद्ध कधी हरपली होती का? नाही. बाहेरून कपाळावर खूण नव्हती, नुसती लाली होती. एकदा उलटी झालीय, थोडा वेळ लक्ष ठेवू, असं ते म्हणाले. पत्नीने माझ्या हातातला मास्क घेतला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी भेगेवर अंगठा दाबला. कवच आत दबलं आणि कुरकुरलं. त्यांनी विचारलं, ही भेग आजचीच कशावरून? मी पांढऱ्या आणि करड्या भेगेतला फरक सांगितला. सकाळच्या खाण्याचं उत्तर पत्नीने सांगितलं. त्यांनी लगेच सीटी स्कॅन लिहून दिला.

स्कॅनमध्ये कपाळाच्या हाडामागे, डाव्या बाजूला, रक्ताची एक बारीक कड दिसली. न्यूरोसर्जन येऊन बघून गेले. त्यांचं म्हणणं असं होतं: रक्त एवढंच राहिलं तर ते आपोआप जिरेल. वाढलं तर कवटी उघडावी लागेल. ते वाढतंय की नाही हे दुसऱ्या स्कॅनशिवाय सांगता येणार नाही आणि तो स्कॅन दुसऱ्या दिवशी सकाळी होईल. मध्येच तिची उत्तरं चुकायला लागली तर सकाळची वाट बघायची नाही. त्यांनी पत्नीकडून संमतीची सही आधीच घेऊन ठेवली.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. भाई घरी जायला तयार नव्हते.

"वहिनी, मी यांना कधीपासून सांगतोय," ते म्हणाले, "बाहेरून मागवायचं तर काजू मागवा, आमसूल मागवा. हे फुटके मुखवटे कशाला."

पत्नीचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. "भाई, चपला कुठे तुमच्या?"

"मशिदीत. नेल्या असतील कुणीतरी. नेऊ दे. भाऊंच्या भाषेत सांगायचं तर सामन्यात वापरलेल्या आहेत, किंमत येईल."

पत्नी हसली आणि हसता हसता तिने तोंड ओंजळीत लपवलं. बराच वेळ तिने ते वर केलं नाही. भाई उठून खाली गेले आणि रुग्णालयाच्या दुकानातून रबरी सपाता घालून, तीन चहा घेऊन आले.

त्यानंतर सकाळपर्यंत दर तासाला एक सिस्टर आत जायची. आत जाताना टॉर्चची कळ दाबल्याचा आवाज यायचा. मग प्रश्न. नाव काय, देश कोणता, महिना कोणता. आम्ही दाराबाहेर उभे राहून उत्तरं ऐकायचो. एकदा उत्तर यायला उशीर झाला. पत्नीने माझं मनगट धरलं. तिचं नख माझ्या कातडीत रुतलं. मग आतून आवाज आला, "जानेवारी. यू आस्क्ड मी ऑलरेडी."

उजाडल्यावर पत्नीला आत सोडलं. तिने विचारलं, "काल सकाळी काय खाल्लं होतंस?"

मुलीने विचार केला. "अंडं," ती म्हणाली. मग थांबून, "की पोहे?"

पत्नीने चादर सरळ केली.

तिला स्कॅनला नेलं तेव्हा स्ट्रेचरच्या चाकांपाठोपाठ आम्ही दोघं दारापर्यंत गेलो. दार बंद झालं. वरचा लाल दिवा लागला. दिवा विझल्यावरही बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. पत्नी रोज ज्या कॉरिडॉरमधून ट्रॉली ढकलत जाते, त्याच कॉरिडॉरमध्ये ती भिंतीला टेकून खाली बसली होती.

न्यूरोसर्जन दोन्ही फिल्म घेऊन आले. त्यांनी त्या पांढऱ्या प्रकाशाच्या चौकटीवर शेजारीशेजारी लावल्या. डावीकडे कालची, उजवीकडे आजची. मी दोन्ही पाहिल्या. ते बोट ठेवत होते त्या जागी पाहिलं, मग स्वतःहून पुन्हा पाहिलं.

रक्ताची कड कालच्याइतकीच होती.